आधी खोल्या मोजा, मग गेम बनवा



आज धंदा जरा वेगळा आहे. लोणचं नाही, मसाले नाहीत, होमस्टे नाही. आज बोलायचंय कॉम्प्युटर गेमबद्दल. आणि तोही मारामारीचा नाही, पत्त्यांचा नाही, पैसे लावायचा तर अजिबातच नाही. पडद्यावर एक चित्र असतं. चित्रातल्या वस्तूवर माउसनं टिचकी मारायची, वस्तू उचलायची, माणसांशी बोलायचं, कोडं सोडवायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. याला पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. एकटा माणूस किंवा दोघं-तिघं मिळून बनवू शकतील आणि जगभर विकू शकतील, असा हा माल आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खांबचे. मुंबई-गोवा हायवेवरचं गाव. नागोठणं गेलं की खांब, खांब गेलं की कोलाड. इथे बसून गेम? तर याच हायवेनं खाली शेवटपर्यंत जा. गोव्यात अरमान संधू नावाचा एक गेम बनवणारा आहे. फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या नावानं काम करतो. २०१९ मध्ये त्याचा 'रेनस्वेप्ट' आला. एका छोट्या गावात मृत्यू होतो आणि बाहेरून आलेला डिटेक्टिव्ह त्याचा तपास करतो, अशी गोष्ट. २०२१ मध्ये 'फरगॉटन फील्ड्स' आला. त्यात एक लेखक आहे, त्याला लिहिता येईनासं झालंय, आणि आईचं जुनं घर विकलं जायच्या आधी तो तिथे शेवटचा जातो. दोन्ही गेम या पॉइंट-अँड-क्लिकच्याच घराण्यातले, फक्त कोडी कमी आणि संवाद जास्त.

या दोन गेमकडे धंद्याच्या नजरेनं बघा. पहिल्याची गोष्ट परदेशी वाटणाऱ्या गावात घडते. दुसरा गोव्यासारख्या समुद्रकिनाऱ्यावर येतो. पावसाळी गाव आणि डिटेक्टिव्ह जगात हजार जणांनी केलेत. विकायला निघालेलं कोकणातलं घर किती जणांनी केलंय? तुमच्या-माझ्या ओळखीत प्रत्येकाकडे असं एखादं घर असतं. तेच तुमचं भांडवल.

पण आजचा मुद्दा भांडवलाचा कमी आणि मापाचा जास्त आहे. असे गेम कल्पना वाईट असल्यामुळे बुडत नाहीत. ते अर्धवट राहतात म्हणून बुडतात. आणि अर्धवट राहतात, कारण सुरुवातीला कुणी खोल्या मोजलेल्या नसतात.

मोठ्यांचं काय झालं

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या डबल फाइन या कंपनीनं किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. जुन्या पद्धतीचा अ‍ॅडव्हेंचर गेम करायचा होता. मागितले ४ लाख डॉलर, मिळाले ३३ लाखांहून जास्त. आनंदी आनंद! आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं की पैसे पुरत नाहीत. कारण पैसे वाढले तसा गेमही वाढला. शेवटी 'ब्रोकन एज'चे दोन तुकडे करावे लागले. पहिला भाग २०१४ मध्ये, दुसरा २०१५ मध्ये. ही सगळी मुरलेली माणसं होती, या प्रकारातले बाप. तरीही माप सुटलं.

आता याच्या उलट बघा. १९८७ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी 'मॅनियाक मॅन्शन' बनवला. या सगळ्या प्रकाराला ज्यानं वळण लावलं, तो हा गेम. तो घडतो कुठे? एका बंगल्यात. बंगला मोठा आहे, खोल्या बऱ्याच आहेत, पण बंगला एकच.

म्हणून माझा पहिला आग्रह. तुमचा पहिला गेम एका जागी आणि एका रात्रीत घडू द्या.

आपल्या भागातल्या मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा किल्ला येतो. खांबजवळच सुरगड आहे, रोह्याला अवचितगड आहे. गडावर पाण्याची टाकी, पडके बुरूज, चोरवाटा. गेमसाठी एकदम तयार माल वाटतो. माझं मत विचाराल तर पहिल्या गेमला इतिहास नको. किल्ला म्हटला की सैन्य आलं, पोशाख आले, शस्त्रं आली, शंभर माणसं आली. शिवाय एका तपशिलावरून भांडणं होतील ती वेगळीच. सुरगड तिसऱ्या गेमसाठी ठेवा.

त्यापेक्षा पेणला चला. खांबहून मुंबईच्या दिशेनं नागोठणं, वडखळ, मग पेण. पेण आणि शेजारचं हमरापूर, गणपतीच्या कारखान्यांसाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत. इथून मूर्ती परदेशातही जातात. तिथल्या एका कारखान्यात, गणपतीच्या आधीच्या एका रात्री, एक गेम मांडून बघू. मी इथे फक्त उदाहरण देतोय, तुम्ही तुमचं घ्या.

शेवटाकडून मागे

पहाटे पाचला मुंबईला ट्रक सुटणार आहे. मंडळाची मोठी मूर्ती तयार आहे, फक्त डोळ्यांची आखणी राहिलीय. आजोबांचा हात आता थरथरतो. लाइट गेलीय. आणि कारखान्यात जागी आहे ती फक्त त्यांची नात. खेळणारा म्हणजे ही नात.

आता कोडी कशी रचायची? बहुतेक जण सुरुवातीपासून रचायला लागतात. नात उठते, मग दार उघडते, मग किल्ली सापडते. असं केलंत की गोष्ट भरकटते. वहीचं पान आडवं धरा आणि उजव्या टोकाला शेवट लिहा: डोळे आखून झाले. आता विचारा, त्यासाठी काय काय लागेल? तीन गोष्टी लागतील. उजेड, बारीक ब्रश आणि आखायचं कसं याची माहिती. त्या तिन्ही डावीकडे लिहा आणि बाण काढा. मग प्रत्येकीला पुन्हा तोच प्रश्न विचारा.

उजेड हवा तर इन्व्हर्टर हवा. तो शेजारच्या काकांनी नेलाय. काका तो देतील, पण त्यांच्या साच्याचा अर्धा भाग आपल्याकडे आला होता तो परत मिळाला तर. तो अर्धा भाग मागच्या मांडवात ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलाय. तो उचलला की ताडपत्री उडणार, म्हणून त्याच्या जागी दुसरं काहीतरी वजन ठेवायला हवं.

ब्रशचं सोपं आहे. तो रंगानं दगड झालाय, थिनर शोधायचं.

तिसरी गोष्ट मात्र खरी मजेची. आखणी कशी करायची? आजोबा झोपेत अर्धवट बोलतात. पण रंगकामाच्या खोलीत तीन लहान मूर्ती अर्धवट टप्प्यांवर ठेवलेल्या आहेत. एकीवर फक्त पापणीची रेघ, दुसरीत बुबुळ भरलेलं, तिसरीत पांढरा ठिपका दिलेला. त्या ज्यानं नीट क्रमानं बघितल्या, त्याला कोडं सुटलं. नात विचारते, "आजोबा, नजर कुठं ठेवायची?" आणि आजोबा डोळे न उघडता म्हणतात, "समोर माणूस बसतो ना, तिथं."

हे कोडं बाकीच्या दोन्हींपेक्षा भारी का, ते लक्षात घ्या. कुलूप-किल्ली कुठल्याही गेममध्ये चालते. हे मात्र फक्त गणपतीच्या कारखान्यातच चालेल. २०२३ मध्ये कॅनडातल्या व्हिसाई गेम्सनं 'वेन्बा' नावाचा गेम आणला. एक तमिळ कुटुंब कॅनडात राहतं आणि आईच्या आईची पाककृतींची वही फाटलीय, पुसट झालीय. खेळणाऱ्यानं अंदाज बांधून इडली करायची, पुट्टू करायचा. म्हणजे कोडं स्वयंपाकघरातूनच निघतं. हा गेम दीड-दोन तासांत संपतो. त्याला २०२४ मध्ये पहिल्या गेमसाठीचं बाफ्टा मिळालं. आपल्या आज्या-मावश्यांच्या हाताला जे माहीत आहे, त्यात अशी किती कोडी पडलीत विचार करा.

आपण वहीत आत्ता काढला, तशा आराखड्याचा पुरस्कार रॉन गिल्बर्टनंच वर्षानुवर्षं केलाय. १९८९ मध्ये त्यानं एक लेखही लिहिला होता, अ‍ॅडव्हेंचर गेम कंटाळवाणे का होतात यावर. त्यातली एक गोष्ट आजही शंभर टक्के लागू आहे. खेळणाऱ्याला कुलूप आधी दिसलं पाहिजे, किल्ली नंतर. आपल्या गेममध्ये काळोखातली मूर्ती पहिल्याच दृश्यात दिसली पाहिजे. तिथून तो इन्व्हर्टर शोधायला निघेल. आधी साचा सापडला आणि त्याचं काय करायचं तेच माहीत नाही, असं झालं की माणूस दिसेल ते उचलत सुटतो आणि पाच मिनिटांत कंटाळतो.

दुसरी गोष्ट. तीन बाण वेगवेगळे ठेवा. उजेडाचं अडलं तर ब्रशकडे जाता आलं पाहिजे. एकाच रांगेत सगळी कोडी लावलीत तर एका ठिकाणी अडलेला माणूस गेमच बंद करतो.

आणि कोड्यात अक्कल हवी, चमत्कारिकपणा नको. १९९९ च्या 'गेब्रिएल नाइट ३' मध्ये मांजराचे केस चिकटवून खोटी मिशी करायची होती. कशासाठी, तर दुसऱ्या माणसाचं सोंग घ्यायला. आणि त्या माणसाला मुळात मिशीच नव्हती! वीस-पंचवीस वर्षं लोक हसतायत त्यावर.

आता हिशोब

वही-पेन घ्या. आपल्या गेममध्ये खोल्या, म्हणजे दृश्यं, पाच: अंगण, रंगकामाची खोली, मागचा मांडव, काकांचा कारखाना, रस्त्यावरचा ट्रक. माणसं चार: नात, आजोबा, काका, ट्रकचा ड्रायव्हर. उचलायच्या वस्तू बारा धरू.

प्रत्येक दृश्यात टिचकी मारता येईल अशा आठ जागा धरल्या तर पाच दृश्यांत चाळीस. आता खेळणारा काय करतो? हातातली प्रत्येक वस्तू प्रत्येक जागेवर वापरून बघतो. बारा गुणिले चाळीस, म्हणजे ४८० शक्यता. त्यातल्या पंधरा-वीस बरोबर. उरलेल्या साडेचारशेंना नातीनं काहीतरी उत्तर द्यायचंच आहे. प्रत्येक वेळी "हे इथे चालणार नाही" म्हणाली तर खेळणारा वैतागेल. कमीत कमी साठ-सत्तर ठिकाणी गमतीशीर, खास उत्तर लिहावं लागतं. चांगल्या गेमची चव तिथेच कळते.

आणि आता कुणीतरी मित्र म्हणतो, "एक देऊळ पण टाक ना, मस्त दिसेल." एक दृश्य वाढलं. म्हणजे आठ जागा, ९६ नव्या शक्यता, एक चित्र, त्याचे आवाज, त्याची तपासणी.

वेळेत मोजू. हे आकडे मी समजायला धरलेत, तुमचे तुम्ही भरा. एका दृश्याच्या चित्राला ४० तास, पाचांचे २००. एका माणसाला, त्याच्या चालण्या-बोलण्यासह, ३० तास, चौघांचे १२०. लिखाण ८०. कॉम्प्युटरवर जोडणी २००. तपासणी आणि दुरुस्ती १००. एकूण ७०० तास. तुम्ही धाटाव एमआयडीसीत शिफ्टला जाता आणि आठवड्याला १२ तास काढता असं धरलं, तर ५८ आठवडे. म्हणजे सव्वा वर्षाच्या आत. त्या देवळाच्या दृश्याला सगळं मिळून ८० तास धरा. म्हणजे सात आठवडे! मित्राला सांगा, देऊळ छान आहे, पण सात आठवड्यांचा पगार तू देणार का?

नोकरी सोडायची का, या प्रश्नाचं उत्तर याच पानावर आहे. दोन महिने नोकरी ठेवून एक दृश्य पूर्ण करा. चित्र, आवाज, संवाद, सगळं. मग घड्याळ बघा. ४० तास धरले होते आणि ९० लागले, तर तुमचा गेम सव्वा वर्षाचा नाही. हे नोकरी असताना कळलेलं बरं. कर्ज काढून तर पहिला गेम करूच नका, माझं हे मत पक्कं आहे.

आता पैसे. स्टीम हे जगातलं मोठं गेमचं दुकान. तिथे एका गेमला १०० डॉलर भरायचे. विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. प्रत्येक विक्रीतले ३० टक्के दुकान ठेवतं. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. करार-नियमांचा फॉर्म नीट भरला तर तो कमी कापला जातो, म्हणून तो फॉर्म सीएला दाखवा. परदेशातून पैसे येतात म्हणून जीएसटीचं काय करायचं, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. आणि त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की हा पैसे लावायचा ऑनलाइन गेम नाही. त्याचे नियम वेगळे, कर वेगळा, उगाच गोंधळ नको.

समजा सवलती धरून सरासरी ४५० रुपयांना एक प्रत गेली. ३० टक्के गेले, राहिले ३१५. कर, परत केलेल्या प्रती, बँकेचे चार्जेस काढून २५० हातात आले. खर्च? संगीत, आवाज, इंग्रजी तपासणी, किरकोळ, मिळून दीड लाख. तुमचे ७०० तास, तासाला २०० रुपयांनी १ लाख ४० हजार. हो, स्वतःची मजुरी धरायची! चॅनलवर शंभर वेळा सांगितलंय. एकूण २ लाख ९० हजार. भागिले २५०, म्हणजे १,१६० प्रती विकल्या की तुम्ही बरोबरीत. सहावं, सातवं, आठवं दृश्य वाढवलंत की हा आकडा वर सरकतो, पण गेमची किंमत तेवढी वाढत नाही.

एक भीती पुष्कळ जणांना असते. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, मग छोटा गेम लोक संपवून परत नाही करणार? काही करतील. 'वेन्बा'ही तेवढाच छोटा आहे. परत केलेल्या प्रती हिशोबात धरा आणि पुढे चला. त्या भीतीनं गेम ओढूनताणून चार तासांचा केलात, तर आवडलेला माणूसही मध्येच सोडून जाईल.

दुकानातलं पान मात्र गेम तयार व्हायच्या खूप आधी उघडा, म्हणजे लोक 'विशलिस्ट'मध्ये टाकून ठेवतील. पैसे भरल्यापासून विक्री सुरू करेपर्यंत किमान तीस दिवस जावे लागतात, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे आधी दिसावं लागतं. गणपतीत गेम आणायचा असेल तर आषाढातच ही तयारी हवी. नेक्स्ट फेस्ट नावाचा त्यांचा डेमोंचा उत्सव असतो. त्यात एक गेम एकदाच भाग घेऊ शकतो, म्हणून कच्चा डेमो घेऊन धावू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांना हवे तेवढे पैसे मिळाले नाहीत. पण ते डेमो लोकांना दाखवत राहिले. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत गेला. तो अ‍ॅक्शनचा गेम, आपला प्रकार नाही, पण चिकाटी तीच लागते.

मराठीची अडचण, जी कुणी सांगत नाही

साधनं भरपूर आहेत. अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ फुकट आहे आणि याच प्रकारासाठी बनलेला आहे. गोडो फुकट आहे. युनिटीमध्ये अ‍ॅडव्हेंचर क्रिएटर नावाची विकतची जोड मिळते, तिच्यामुळे कोड कमी लिहावा लागतो. पण निवडण्याआधी एक परीक्षा घ्या. त्या साधनात 'क्षितिज', 'कीर्ती', 'गणपतीच्या मूर्ती' असे शब्द टाका. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षर फुटलं, रफार हरवला, तर तिथेच थांबा. युनिटीच्या नेहमीच्या मजकूर-साधनात हा त्रास होतो, वेगळी सोय करावी लागते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट बसते. ही परीक्षा पहिल्या दिवशी पाच मिनिटांची आहे. सगळे संवाद टाकून झाल्यावर तीच महिन्याभराची होते.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं. नुसत्या मराठीवर ११६० प्रती जाणं अवघड आहे आणि नुसत्या इंग्रजीत आजोबांचा आवाज हरवतो. म्हणून सगळे संवाद पहिल्यापासून वेगळ्या तक्त्यात ठेवा. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. चित्राच्या आत अक्षरं रंगवू नका, पाटीसुद्धा नाही. आणि ट्रकचा ड्रायव्हर आगरी बोलत असेल तर ते संवाद आगरी बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या, त्याचे पैसे द्या. उगाच 'आपल्याला येतं' म्हणून लिहिलेली बोली ऐकणाऱ्याला लगेच कळते.

पेणच्या कारखान्यात जाणार असाल तर सीझनच्या तोंडावर जाऊ नका, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आधी परवानगी घ्या. फोटो कशासाठी ते सांगा. कुणाच्या मूर्तीची हुबेहूब नक्कल गेममध्ये टाकू नका, ती त्यांची कला आणि त्यांचा धंदा आहे. आवाज मात्र भरपूर टिपून आणा: पॉलिश पेपरची घासघास, कॉम्प्रेसर, पत्र्यावरचा पाऊस. मोबाइलवर टिपलेले हे आवाज तुमच्या गेमला जे देतील, ते विकत घेतलेल्या संगीतात मिळणार नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, कॉम्प्युटर न उघडता, एक काम या रविवारी करता येईल. पाच पोस्टकार्डं घ्या, त्यावर पाच दृश्यं पेन्सिलीनं काढा. बारा वस्तूंच्या बारा चिठ्ठ्या करा. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर किंवा घरच्या ओट्यावर, ज्यानं हे कधी बघितलेलं नाही अशा माणसाला समोर बसवा. पहिलं कार्ड ठेवा आणि म्हणा, "तुम्ही नात आहात, काय कराल?" तो बोट ठेवेल, तुम्ही फक्त उत्तर वाचून दाखवायचं. समजावायचं नाही, हिंट द्यायची नाही, "अहो तिकडे बघा ना" तर अजिबात नाही. तो कुठे अडतो, कुठे हसतो, काय उचलायचा प्रयत्न करतो जे तुम्ही लिहिलेलंच नाही, ते शेजारी वहीत लिहीत जा. अशी पाच माणसं झाली की तुमची कुठली खोली कमी करायची ते तुम्हाला दिसेल.